बंदी घालायची तर आधी प्लग द्या

या आठवड्याचं पत्र

नमस्कार. डोंबिवली पूर्वेला आमची चार मजल्यांची, अठ्ठावीस फ्लॅटची सोसायटी आहे. लिफ्ट नाही, जिना एकच. मी शिक्षिका होते, आता निवृत्त आहे आणि दोन वर्षांपासून सोसायटीची सेक्रेटरी आहे. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारा एक मुलगा घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवतो. त्याच्या ई-स्कूटरच्या दोन बॅटऱ्या तो रोज रात्री उचलून घरी नेतो आणि चार्जिंगला लावून झोपतो. खाली ठेवल्या तर चोरीला जातील म्हणतो, आणि खाली प्लगही नाही. गेल्या महिन्यात ग्रुपवर बॅटरीच्या आगीचे व्हिडिओ फिरले आणि सगळे घाबरले. चौथ्या मजल्यावरच्या एका सभासदांची आई तीन वर्षं अंथरुणाला खिळून आहे. ते भर सभेत म्हणाले, आग लागली तर मी आईला कुठून खाली नेऊ? त्यावर मुलाचं म्हणणं, मी माझ्या घरात काय चार्ज करतो हा माझा प्रश्न, वीजबिल मी भरतो. चेअरमननी नोटीस तयार केली आहे: ‘सोसायटीच्या आवारात विजेवर चालणारं कोणतंही वाहन आणण्यास व चार्ज करण्यास सक्त मनाई.’ माझी सही बाकी आहे. माझी मुलगी दिवाळीत ई-स्कूटर घेणार आहे, म्हणून मी सही लांबवते असंही कुजबुजलं जातंय. काय करू?

उत्तर

ताई, त्या नोटिशीवर सही करू नका. नोटीस हवी आहे, लवकर हवी आहे, पण ही नव्हे. कशी हवी ते सांगतो, थोडं लांबेल. माझं आयुष्य वायरिंगच्या कामात गेलं. तुमच्यासारख्या इमारतींच्या मीटर रूम आणि जिन्याखालची अंधारी जागा मी इतक्या वेळा पाहिली आहे की तुमचं पत्र वाचताना मला तो जिना डोळ्यांसमोर दिसत होता.

आधी मुलीच्या स्कूटरचं. पुढच्या सभेत तोंड उघडाल तेव्हा पहिलं वाक्य तेच असू द्या. ‘माझ्या घरी दिवाळीत ई-स्कूटर येणार आहे, जो नियम होईल तो तिला पहिला लागू होईल.’ कुजबुज तिथेच थांबते. आणि खरं सांगायचं तर अठ्ठावीस घरांत येत्या दोन-चार वर्षांत आणखी पाच-सात स्कूटरी येणारच आहेत. नोटीस एका मुलासाठी लिहिली जातेय असं आज वाटतं, पण ती तुम्ही सगळे स्वतःसाठीच लिहिताय.

आता चौथ्या मजल्यावरचे ते गृहस्थ. त्यांची भीती व्हॉट्सअॅपवरून आली म्हणून कुणी ती झटकू नये. मे २०१६ आणि मे २०२४, दोन्ही वेळचे एमआयडीसीतले स्फोट डोंबिवलीने ऐकलेत, दूरदूरच्या घरांच्या काचा फुटलेल्या पाहिल्यात. तिथल्या माणसाला ‘उगाच घाबरताय’ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. आणि बॅटरीच्या आगी खऱ्या आहेत. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा रात्री स्फोट झाला. तिथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि आठवड्याभरात गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये तमिळनाडूत वेल्लोरला रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटर पेटली आणि बाप-लेक धुरात गुदमरून गेले. १२ सप्टेंबर २०२२ ला सिकंदराबादला खाली ई-स्कूटरची शोरूम आणि वर हॉटेल अशा इमारतीत खाली आग लागली. धूर जिन्यातून वर चढला, वरच्या माणसांना उतरायला वाट उरली नाही, काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. आठ जण गेले.

ही तिसरी घटना पुन्हा वाचा. ज्वाळा खाली होत्या, माणसं वर होती, आणि मधे जिना होता. तुमच्याकडे जिना एकच आहे.

बॅटरीत नेमकं काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की नियम कुठे कडक करायचा आणि कुठे सोडायचा हे आपोआप कळतं. बऱ्याच स्कूटरच्या बॅटरीत पेन्सिल सेलसारख्या, पण जाडजूड, शेकडो सेल शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. प्रत्येक सेलच्या आत दोन थरांच्या मधे केसापेक्षाही पातळ असा प्लास्टिकचा पडदा असतो. बॅटरी आपटली, पाणी शिरलं, चुकीच्या चार्जरने जास्त चार्ज झाली, किंवा कारखान्यातच काही खोट राहिली, की तो पडदा एखाद्या ठिकाणी निकामी होतो आणि आत शॉर्ट होतो. सेल तापते. तापली की आतली रसायनं आणखी उष्णता सोडतात, ती शेजारच्या सेलला लागते, मग तिच्या शेजारच्या. याला थर्मल रनअवे म्हणतात. एकदा हे सुरू झालं की प्लग खेचून काही होत नाही. पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा क्षणभर बसतात, पण आतली उष्णता तशीच राहते आणि बॅटरी पुन्हा पेटते, कधी कधी काही तासांनीसुद्धा. अग्निशमन दल तिच्यावर पाण्याचा मारा करत राहतं तो विझवण्यापेक्षा थंड करण्यासाठी. धूर नुसता काळा नसतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात.

म्हणून त्या मुलाचं ‘माझ्या घरात मी काय चार्ज करतो’ हे म्हणणं मला अर्धंच पटतं. मोबाइल, मिक्सर, इस्त्री यांच्या बाबतीत ते बिनतोड आहे. पण त्याच्या बॅटरीचा धूर उंबरठ्याशी थांबणार नाही. तो जिन्यात येणार, आणि जिना त्याच्या भाड्यात एकट्याला मिळालेला नाही. स्वतःपुरता धोका पत्करायला तो मोकळा आहे. चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या वतीने तो पत्करायला मोकळा नाही. त्या बाईंना तर हो किंवा नाही म्हणायचीही संधी नाही.

हे इतकं स्पष्ट असूनही मी सही करू नका म्हणतोय. का, ते सांगतो.

आपल्या स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर घ्या. त्यातल्या गॅसमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. स्कूटरची बॅटरी असते साधारण दोन-तीन युनिटची. तरी सिलिंडरच्या शेजारी उभं राहून आपण पोळ्या करतो, मुलं तिथेच अभ्यास करतात. माझ्या लहानपणी घरात गॅस आला तेव्हा आजी सहा महिने स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही, बाहेर ओट्यावर शेगडी पेटवायची. तिची भीती खोटी नव्हती. पण त्या भीतीवर उपाय म्हणून कुणी गॅस बंद केला नाही. रेग्युलेटर आला, आयएसआयची नळी आली, ती ठरावीक वर्षांनी बदलायची शिस्त आली, रात्री झोपताना नॉब बंद करायची सवय लागली. गॅसला स्वतःचा वास नसतो हे कितीजणांना माहीत असतं? १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गळलेला गॅस कुणाला कळलाच नाही आणि स्फोटात तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर तिथे गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं द्रव्य मिसळणं सक्तीचं झालं. आपल्या सिलिंडरमध्येही ते असतं. आज ‘गॅसचा वास येतोय’ म्हणून आपण धावतो तो त्या मिसळलेल्या द्रव्याचा वास.

बॅटरीच्या बाबतीत आपण त्या पहिल्या टप्प्यावर आहोत. २०२२ च्या आगींनंतर केंद्राने स्कूटरच्या बॅटरीचे नियम कडक केले, एआयएस-१५६ म्हणून जे मानक आहे त्याचा सुधारलेला पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. म्हणजे त्यानंतर बनलेल्या आणि त्याआधीच्या बॅटरीत फरक आहे, आणि गल्लीत जुन्या सेल जोडून पुन्हा बांधलेली बॅटरी तर या सगळ्याच्या बाहेरची आहे. तुमच्या चेअरमनच्या नोटिशीत हा फरकच नाही. तिच्या दृष्टीने सगळ्या सारख्याच.

आणि ती नोटीस लावलीत तर काय होईल? मुलगा बॅटरी वापरायची थांबवेल का? त्याचं पोट त्या स्कूटरवर आहे. तो बॅटरी पाठीवरच्या पार्सलच्या पिशवीत घालून वर नेईल, रात्री दीडला, सगळे झोपल्यावर, आणि दार आतून लावून, कुणाला दिसू नये म्हणून पलंगाखाली किंवा पडद्यामागे चार्जिंगला लावेल. बॅटरी गरम झाली, फुगली, तरी कुणाला सांगणार नाही, कारण सांगितलं तर घर खाली करावं लागेल. ज्या गोष्टीची तुम्हाला भीती आहे ती तुम्ही स्वतःच्या सहीने इमारतीतल्या सगळ्यात वाईट जागी नेऊन ठेवलेली असेल.

हे माझं नुसतं तर्कट नाही. न्यूयॉर्क शहरात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर आला. तिथे जेवण पोचवणारी हजारो मुलं ई-बाइक वापरतात आणि दाटीवाटीच्या इमारतींत राहतात. २०२३ या एका वर्षात अशा बॅटऱ्यांमुळे तिथे २६८ आगी लागल्या आणि १८ माणसं गेली. त्याआधी २०२२ मध्ये सरकारी घरांच्या इमारती सांभाळणाऱ्या तिथल्या संस्थेने इमारतीत ई-बाइकना सरसकट बंदीचा प्रस्ताव आणला होता. ज्यांचं पोट त्यावर होतं त्यांनी विरोध केला आणि प्रस्ताव मागे पडला. मग शहराने दुसरी वाट धरली. सप्टेंबर २०२३ पासून प्रमाणित नसलेली ई-बाइक किंवा बॅटरी विकायला आणि भाड्याने द्यायला कायद्याने मनाई झाली, आणि २०२४ मध्ये या मुलांसाठी रस्त्याच्या कडेला चार्जिंगच्या जागा करून बघायला सुरुवात झाली. २०२४ मध्ये आगी तितक्याच लागल्या, २७७, पण मृत्यू १८ वरून ६ वर आले. सहा हा आकडाही मला लहान वाटत नाही. पण मनाई कशाला केली ते बघा, खराब बॅटरीला. आणि तिच्याबरोबर चार्ज करायची जागाही द्यायला घेतली.

कायद्याचंही थोडं. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत, माणसाने आपल्या घरी किंवा कार्यालयात असलेल्या वीजजोडणीवर आपलं वाहन चार्ज करायला हरकत नाही असं सांगितलेलं आहे. ‘कोणतंही वाहन, कुठेही नाही’ ही नोटीस उद्या कुणी सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नेली तर तुमच्या हाती फारसं काही नाही. उलट जिना, पार्किंग, मीटर रूम ही सोसायटीची जबाबदारी आहे, आणि महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने ती तुमच्या गळ्यात घातलेली आहे. त्या कायद्याखाली जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून आग विझवण्याची यंत्रणा तपासून ती चालू असल्याचा दाखला, म्हणजे ‘फॉर्म बी’, द्यायचा असतो. तुमच्या इमारतीचा शेवटचा कधी दिला गेला ते आजच फाईल काढून बघा. आग लागेल म्हणून सगळे त्या मुलाकडे बोट दाखवत असताना जिन्यातल्या लाल सिलिंडरवरची तारीख उलटून चार वर्षं झालेली असतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय.

थोडं सॉकेटबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकतो. एका इमारतीत मला ‘स्विच सारखा ट्रिप होतो’ म्हणून बोलावलं होतं. आतल्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी साधा पाच अँपिअरचा सॉकेट, त्यात लाल रंगाचं एक्स्टेन्शन बोर्ड, त्यात दोन बॅटऱ्यांचे दोन चार्जर आणि पंखा. मी पिन काढली तर सॉकेटच्या एका भोकाभोवती रुपयाएवढं तपकिरी कडं पडलेलं होतं आणि पितळी पिनेवर निळसर झाक आली होती. प्लेटला हात लावला, गरम. बेकलाइट जळल्याचा तो वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. घरातल्या बाई म्हणाल्या, ‘अगरबत्ती लावली की जातो वास.’ हिशोब साधा आहे. पाच अँपिअर म्हणजे जेमतेम अकराशे वॉट. असा एकेक चार्जर पाचशे-सहाशे वॉट सहज घेतो, आणि इस्त्रीसारखा दहा मिनिटं नाही, चार-चार तास सलग. सैल पिन असेल तर तेवढ्या वेळात सॉकेट वितळतो. म्हणजे तुमच्या इमारतीत बॅटरीच्या आधी वायरिंगनेच आग लागण्याची शक्यता मला जास्त वाटते. त्या मुलाला एवढं तरी आज सांगा की एक्स्टेन्शन बोर्ड काढून टाक, दोन्ही बॅटऱ्या एकाच सॉकेटवर लावू नकोस, आणि सोळा अँपिअरचा पॉइंट असेल तर तो वापर.

आता करायचं काय. तुम्ही खाली चार्जिंगची जागा करा. हीच माझी मुख्य सूचना आहे, बाकी सगळं तिच्या आधाराने उभं राहतं.

जागा निवडताना जिन्याखाली नको, मीटर रूममध्ये किंवा तिच्या दाराशी नको, पाइप गॅसची लाइन जिथून चढते तिथे नको. कंपाउंडच्या भिंतीला लागून, आकाशाकडे उघडी अशी जागा शोधा, इमारतीपासून जितकी लांब जमेल तितकी. जळलीच तर तिथे जळून जावी आणि धूर वर आकाशात जावा, जिन्यात नको. डोंबिवलीचा पाऊस आहे, तर वर पत्र्याचं छप्पर. चोरीची भीती खरी आहे, तर लोखंडी जाळीचा कप्पा आणि कुलूप, प्रत्येकाची किल्ली वेगळी. जाळीच हवी, बंद कपाट नको, कारण कोंडलेल्या जागेत वायू साठतो. सोळा अँपिअरचे सॉकेट, प्रत्येकाला वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), एकूण लाइनीला तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच), आणि स्वतंत्र अर्थिंग. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच, आणि कॉमन मीटरचा मंजूर भार पुरतो का हे महावितरणकडे विचारूनच. सबमीटर लावा. वीज वापरणाऱ्याने भरायची, उभारणीचा खर्च सोसायटीने करायचा. कुणी म्हणेल, आमच्याकडे स्कूटर नाही, आम्ही का भरायचं? त्यांना सांगा की हा खर्च स्कूटरवाल्यांच्या सोयीसाठी जितका, तितकाच जिन्याच्या सुरक्षेसाठी आहे, आणि जिना सगळेच वापरतात.

चारचाकी गाड्यांच्या चार्जरचा विषय याच सभेत घुसडू नका. त्याचा भार वेगळा, हिशोब वेगळा, तो आला तेव्हा बघा.

ही जागा तयार झाली की मग, आणि मगच, सुटी बॅटरी वरच्या मजल्यांवर नेऊन चार्ज करायला मनाईचा ठराव करा. तेव्हा तो नैतिकदृष्ट्याही उभा राहील. रोजच्या पोटापाण्याची एक वाट तुम्ही बंद करताय तर दुसरी आधी उघडी असली पाहिजे. तोपर्यंतच्या काळासाठी त्या मुलाकडून चार गोष्टी शब्दावर घ्या. चार्जर कंपनीचाच. चार्जिंग दाराजवळ नको, कारण दाराशी पेटलं तर तोच आत अडकेल. झोपेत नको, तर तो जागा असताना, दुपारच्या सुट्टीत किंवा कामावर निघायच्या आधी. आणि बॅटरी फुगली, आपटली, पाण्यात भिजली, हिस्स असा आवाज किंवा गोडसर रासायनिक वास आला तर ती घरात ठेवायची नाही आणि लगेच कळवायचं, त्याबद्दल त्याला कुणी घर खाली करायला सांगणार नाही. हे शेवटचं आश्वासन सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. ते नसेल तर तो कळवणार नाही.

स्कूटर भाड्याची आहे का तेही विचारा. ही मुलं बऱ्याचदा कमी वेगाच्या, ताशी पंचवीस किलोमीटरपर्यंतच्या गाड्या भाड्याने घेतात, ज्यांना आरटीओची नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. बॅटरी कुणाची, कधीची, मधे उघडून दुरुस्त केली होती का, हे त्यालाही माहीत नसतं. भाड्याने देणाऱ्याला सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र पाठवा आणि बॅटरीचे कागद मागवा. तो मुलगा एकटा मागेल तर त्याला कुणी दाद देणार नाही. सोसायटीने मागितले तर देतील.

एक गोष्ट मात्र करू नका. सभेत कुणीतरी नक्की म्हणेल की कमिटीने दर महिन्याला घरोघरी जाऊन तपासणी करावी, किंवा जिन्यात कॅमेरा लावून कोण काय वर नेतं ते बघावं. याला ठाम नकार द्या. धूर उंबरठ्याबाहेर येतो म्हणून सोसायटीला बोलायचा हक्क मिळाला, पण त्या हक्काने उंबरठ्याच्या आत शिरायचं नाही. आज बॅटरी बघायला आत जाल, उद्या कोण कुणाकडे राहतं, काय शिजतं, इथवर जाईल. आणि ही तपासणी सुरू होईल ती भाडेकरूंच्या घरांपासून, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

भाडेकरूंवरून आठवलं. वार्षिक सभेत त्या मुलाला मत नाही. ज्याच्या कमाईवर सगळ्यात मोठा घाला येणार तोच खोलीत नसेल आणि ठराव एकमताने मंजूर होईल. त्याला बोलवा. मत नसलं तरी त्याचं ऐकता येतं. रात्री दीडला येणारा मुलगा सकाळी दहाच्या सभेला येणार नाही, तेव्हा वेळ त्याला विचारून ठेवा. जाळीचा कप्पा किती रुंद हवा, कुलूप कसलं हवं, रात्री किती वाजता जागा लागते हे त्याच्याइतकं कमिटीतल्या कुणालाच माहीत नाही.

आणि आजी. सगळी चर्चा बॅटरीची होते आणि त्या गृहस्थांच्या प्रश्नाला कुणी उत्तरच देत नाही. त्यांनी विचारलं होतं, आईला कुठून खाली नेऊ. बॅटरीवर बंदी घातली तरी हा प्रश्न तसाच राहतो, कारण आग देवघरातल्या समईनेही लागते. कापडी स्ट्रेचर मिळतं, चार कोपऱ्यांना मुठी असलेलं, ते त्यांच्या घरात गुंडाळून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरची चार धट्टीकट्टी माणसं ठरवून ठेवा, आणि एकदा खरंच रिकाम्या स्ट्रेचरवर तांदळाची पोती ठेवून चार मजले उतरवून बघा. वळणावर कुठे अडतं ते तेव्हाच कळेल. जिन्यात धूर असेल तर त्यांना खाली आणायचं नाही. दार लावायचं, फटीत ओले टॉवेल कोंबायचे, रस्त्याकडच्या खिडकीशी थांबायचं आणि १०१ ला फोन करून ‘चौथ्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली बाई आहे, आग बॅटरीची आहे’ हे दोन्ही सांगायचं. बॅटरीची आहे हे सांगणं महत्त्वाचं, त्यावर जवान काय घेऊन येतात ते ठरतं. ज्याच्या घरात पेटेल त्याने विझवत बसायचं नाही. माणसं बाहेर काढायची, मागे दार ओढून घ्यायचं आणि खाली यायचं. हे सगळं कल्याण-डोंबिवलीच्या अग्निशमन दलाला पत्र देऊन त्यांच्याच तोंडून सभेत ऐका. वर्दीतल्या माणसाने सांगितलेलं लोक जास्त ऐकतात.

नोटीस अशी लिहा. ‘जिना, जिन्याखालची जागा, मधले चौक आणि मीटर रूम येथे कोणतंही वाहन, बॅटरी, चार्जर किंवा सामान ठेवण्यास आजपासून मनाई. खिडकीतून किंवा बाल्कनीतून खाली वायर सोडून चार्जिंग करू नये. कंपाउंडलगत चार्जिंगची जागा तयार करण्याचं काम सुरू आहे. ती सुरू झाल्यावर सुट्या बॅटऱ्या तिथेच चार्ज कराव्या लागतील. बॅटरी फुगल्याचं किंवा तापल्याचं दिसल्यास सेक्रेटरींना कळवावं. कळवणाऱ्यावर कोणतीही कारवाई होणार नाही.’ यावर सही करा.

यातलं ‘कोणतंही वाहन’ आणि ‘सामान’ मी मुद्दाम घातलंय. जिन्याखाली लावलेली पेट्रोलची स्कूटर, प्रत्येक दारातली चपलांची लाकडी कपाटं, दुसऱ्या मजल्याच्या चौकातली जुनी गादी, हे सगळं त्यात येतं. धुरात अंधार झाला की त्या कपाटांनाच माणसं अडखळतात. जागा उभी राहायला महिना-दोन महिने जातील, जिना मात्र या रविवारी रिकामा करता येईल. चेअरमनना आणि त्या मुलालाही हाताशी घ्या, आणि सुरुवात तुमच्या दारातल्या कपाटापासून करा.